गाणारी बाई कुठे गेली?

लोकसाहित्यावरचे प्रबंध हल्ली पुस्तकरूपाने वरचेवर हाती येतात, आणि त्यांच्या उपशीर्षकात 'मानवशास्त्रीय अभ्यास' हे शब्द हमखास असतात. आतली रचना मात्र ठरलेली. पहिलं प्रकरण व्याख्यांचं, दुसरं तालुक्याच्या नद्या-डोंगरांचं, मग विधिगीतं, श्रमगीतं, सणगीतं, शेवटी रस आणि अलंकार. परिशिष्टात शेकडो ओव्या. त्या कोणी गायल्या, कुठल्या प्रसंगी, ऐकायला कोण होतं, गाणारीने त्यांचा अर्थ काय सांगितला, यातलं काही नाही. तारा भवाळकर २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा या विषयाला अखेर मान मिळाला असं वाटून फार आनंद झाला होता. म्हणूनच ही पुस्तकं वाचताना चीड येते.

इतकं ढोबळ काम करायला आपल्याकडे कारण नाही. १८६८ साली मेरी फ्रिअर हिचं 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची ती मुलगी, आणि गोष्टी सांगणारी तिची आया, अ‍ॅना लिबराटा डिसूझा. त्या पुस्तकात अ‍ॅनाने सांगितलेली स्वतःची हकीकत छापलेली आहे: मूळचं लिंगायत घराणं, गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेले आजोबा, गोष्टी सांगणारी आजी, वैधव्य, नोकरी. साहेबी नजरेचे सगळे दोष त्या पुस्तकात आहेत, मुखपृष्ठावर नावही मालकिणीचंच. तरीही आजीपासून आयेपर्यंत गोष्ट कशी पोचली हे त्यातून कळतं. दीडशे वर्षांनंतर आमच्या विद्यापीठांतल्या प्रबंधांतून तेवढंही कळत नाही.

आपल्या परंपरेतले मोठे टप्पे वाचकांना ठाऊक आहेत. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबर यांनी गोळा करून ठेवलं नसतं तर कितीतरी हरवलं असतं. दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' १९५६ ची, आणि तिच्यामागे गोंडांमध्ये जाऊन केलेलं काम होतं. रा. चिं. ढेऱ्यांचं ऋण तर न फिटणारं. पण ढेऱ्यांच्या अनुकरणातून आपल्याला मूळ शोधण्याचं व्यसन लागलं. प्रत्येक दैवताचं, प्रत्येक कथेचं आदिरूप कुठलं, हाच प्रश्न. आज, या गावात, ही बाई हे का गाते, हा प्रश्न मागे पडला.

मला जे काम मोलाचं वाटतं ते पुण्यात झालं आणि त्याची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतली नाही. ग्यी प्वात्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. पण आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव येतं. ओव्या गोळा करणाऱ्यांत खेड्यातलेच कार्यकर्ते होते, आणि ओवीच्या अर्थाची चर्चा बायकांशी झाली. वर्गवारी अखेर संशोधकांनीच केली, आणि ओवी एकेकटी वाचताना तिच्या मागचं-पुढचं गाणं सुटतं, ही त्या संग्रहाची मर्यादा. तरी तिथे गाणारीपर्यंत जायची वाट उघडी आहे.

त्या वाटेने गेलं की काय दिसतं? माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायका जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या गात. लोकसाहित्य म्हणजे प्राचीन, कालातीत, निरक्षर मनाचा उद्गार, ही आपली आवडती समजूत तिथेच मोडते. या बायका आपल्याच शतकातल्या माणसावर, आपल्याच अनुभवातून ओवी बांधत होत्या. ते राजकीय विधान होतं आणि ते त्यांनी समजून-उमजून केलं होतं. सीतेच्या वनवासाचंही तसंच. पहाटे सासरच्या घरात, सासू ऐकत असताना, सून सीतेचं दुःख गाते तेव्हा ती रामायणाचा पाठभेद सांगत नसते. त्या घराविषयी ती काहीतरी बोलत असते. तीच ओवी लग्नघरात हळद दळताना निराळी होते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि आपला संशोधक दोन्हींखाली 'करुण रस' लिहून मोकळा होतो.

गाणाऱ्यांपर्यंत जायची अशीच वाट जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनीही धरली; ते धनगरांबरोबर हिंडले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा-धुळोबाच्या ओव्यांचं पुस्तक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्यासोबत २०१४ मध्ये काढलं. धनगरी ओवीत कथेचा एक भाग गाऊन झाला की तोच गद्यात सांगितला जातो. म्हणजे गाणारे स्वतःच आपल्या गाण्याचं विवरण करतात. अमेरिकी लोकसाहित्यज्ञ अ‍ॅलन डंडीस यांनी १९६० च्या दशकात अभ्यासकांना बजावलं होतं की गाण्याबरोबर गाणाऱ्यांची त्यावरची टीकाही गोळा करा. आपल्याकडे ती बिरोबाच्या देवळापुढे आयती उभी आहे. किरिन नारायण यांनी १९९७ मध्ये कांगड्याच्या लोककथांचं पुस्तक केलं तेव्हा कथा सांगणाऱ्या ऊर्मिला देवी सूद यांचं नाव मुखपृष्ठावर आलं. एकाही मराठी मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याला असं करायला सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो. पहिली ओवी कोणी रचली हे अज्ञात असेल. पण तुमच्या समोर बसून जी गायली ती अज्ञात नव्हती. तुम्ही तिच्या घरी चहा प्यायलात, तिच्या ओव्या वहीत उतरवल्यात, पदवी मिळवलीत आणि तिला 'लोकमानस' करून टाकलंत. एकाच गावातल्या दोन बायकांचं सीतेविषयीचं मत जुळत नाही. वेशीच्या आतली आणि बाहेरची बाई देवीविषयी सारखं बोलत नाही. हे सगळे मतभेद, जातीसकट, 'लोकमानस' या एका शब्दाखाली गाडले जातात. याला मानवशास्त्र म्हणणं ही फसवणूक आहे.

आणि 'परंपरा लोप पावत आहे' हा गळा काढणं आता थांबवा. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, हे खरं. पण हळदीच्या दिवशी बायका आजही गातात. ऐकायला जायचे कष्ट न घेता शोक करणं सोपं आहे.

विद्यापीठांच्या मराठी विभागांना माझी मागणी साधी आहे. गाणारीचं नाव, वय, गाव, प्रसंग आणि तिने सांगितलेला अर्थ नसलेला संग्रह प्रबंध म्हणून स्वीकारू नका. नाव छापायला ती नको म्हणाली, तर तिचा नकार नोंदवा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी द्या आणि एक गावच्या शाळेत ठेवा. मार्गदर्शकांनी येत्या तुकडीपासून एवढं सुरू करावं.