जॅझचे 'हवेतच' असे तीन अल्बम आणि 'प्रत कुठली?' हा प्रश्न



जॅझप्रेमींच्या संग्रहात कोणते अल्बम हवेतच, याच्या याद्या ढिगाने सापडतात. त्यातल्या बहुतेकांत माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' अगदी वरच असतो. माझी त्याला हरकत नाही. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी याच अल्बमने मला तोंडावर पाडलं.

मी 'सो व्हॉट' या रचनेतले स्वर सॉफ्टवेअरवर मोजत होते. सगळेच थोडे चढे येत होते. मग काय, वादकांनी मुद्दाम सूर चढा ठेवला असणार, असं समजून मी चार पानं लिहून काढली. मॅडमनी ती वाचली आणि एकच विचारलं, "प्रत कुठली?" प्रत होती जुन्या बाजारात मिळालेल्या एलपीची.

गोष्ट अशी, की हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली दोन दिवसांत मुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत जरा जलद आणि जवळजवळ पाव सूर चढं ऐकू येतं. एलपीची पहिली अख्खी बाजू तशीच विकली गेली. शेजारी राखीव म्हणून लावलेलं यंत्र मात्र योग्य वेगाने चाललं होतं. त्या टेपवरून १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. म्हणजे तीसहून जास्त वर्षं लोक रेकॉर्डसोबत वाजवून शिकले, ते चढ्या सुरातच! माझी चार पानं अर्थातच कचऱ्यात गेली.

तेव्हापासून मी यादीतला कुठलाही अल्बम ऐकताना आधी त्याचा इतिहास बघते. दुसरं उदाहरण ड्यूक एलिंग्टनच्या 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट'चं. ७ जुलै १९५६ ची ती मैफल. पॉल गोन्झाल्व्हिसने सॅक्सोफोनवर २७ आवर्तनांचा एकल वाजवला आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले. पण त्याच वर्षी निघालेल्या रेकॉर्डचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवलेल्या आहेत. गोन्झाल्व्हिसचा एकल खरा मैफलीतलाच, पण तो दुरून आल्यासारखा वाटतो. कारण तो कोलंबिया कंपनीच्या मायक्रोफोनसमोर नव्हे, तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर वाजवत होता. पुढे त्या रेडिओची टेप सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही टेप जोडून पूर्ण मैफल बाहेर आली. आता सॅक्सोफोन अगदी कानाशी येतो. जुन्या रेकॉर्डवरच्या त्या 'दूरच्या सुरा'चं सौंदर्य सांगणारा समीक्षक खरं तर मायक्रोफोनच्या जागेबद्दल बोलत असतो. माझ्यासारखाच फसलेला!

तिसरं उदाहरण चार्ल्स मिंगसचं. १९५७ मध्ये आर्कान्सॉचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाऊ द्यायचं नाही म्हणून नॅशनल गार्ड उभे केले. त्यांची खिल्ली उडवणारी 'फेबल्स ऑफ फॉबस' ही रचना 'मिंगस आह अम' (१९५९) मध्ये आहे, पण शब्दांशिवाय. शब्दांसकट ती कँडिड या छोट्या कंपनीसाठी १९६० मध्ये मुद्रित झाली. मोठ्या कंपनीने शब्द नाकारले, असं सर्रास सांगितलं जातं. शब्द मुळात नंतरच लिहिले गेले, असंही म्हणणं आहे. तेव्हा 'सेन्सॉरशिपचा पुरावा' असं लिहिण्याआधी थांबा. याद्यांमध्ये बहुधा पहिला अल्बम असतो. माझ्या मते वादन तिथे जास्त बांधेसूद आहे, पण राग दुसऱ्यात आहे. आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्या अल्बममध्ये मिंगस श्रोत्यांना ग्लास वाजवू नका म्हणतो, तेही रिकाम्या स्टुडिओत.

'अल्बम' हा निकषच काय काय गाळतो, तेही बघायला हवं. एलपी आली १९४८ मध्ये. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२५ ते १९२८ मधल्या 'हॉट फाइव्ह'च्या तबकड्या साधारण तीन-तीन मिनिटांच्या. त्या यादीत शिरतात त्या नंतरच्या संकलनांतून. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. काही मोठ्या कंपन्यांसाठी तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. नेमका याच काळात बीबॉप घडत होता, आणि त्यातलं बरंचसं मुद्रितच झालं नाही. ते कुठल्याच यादीत सापडणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा: शंभर अल्बम जमवण्यापेक्षा या तिन्हींच्या दोन-दोन आवृत्त्या घ्या आणि लागोपाठ ऐका. तुमचा विषय संगीत नसला, मुलाखती, हस्तलिखितं किंवा सरकारी आकडे असले, तरी 'ही प्रत कोणी, कशासाठी आणि कशी तयार केली?' हे पहिल्याच आठवड्यात विचारा. मी उशिरा विचारलं. माझ्या त्या प्रकरणात आता पहिला तक्ता स्वरांचा नाही, वापरलेल्या प्रतींचा आहे.