ऋतूंची आकृती आणि चपटी कक्षा

ऋतू का होतात हे सांगणारी एक आकृती भूगोलाच्या अनेक पुस्तकांत असते. मध्ये सूर्य, भोवती अंड्यासारखी लांबट कक्षा आणि तिच्यावर चार ठिकाणी कललेली पृथ्वी. ती पाहून मुले सांगतात, "पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा." शिक्षक शिबिरांतही हे उत्तर आम्ही ऐकले आहे. १९८७च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतूंबद्दल किंवा चंद्रकलांबद्दल विचारले होते; २१ जण चुकले.

आम्हांला यात मुलांचा दोष दिसत नाही. ताटली तिरपी धरली की लांबट दिसते, तशी ही कक्षा तिरक्या नजरेने पाहून काढलेली असते. पण तसे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीस पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीस १५.२ कोटींवर. म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हाच ती सर्वांत जवळ! कक्षा १५ सेंटिमीटर लांब काढली, तर तिची रुंदी जेमतेम ०.०२ मिलिमीटरने कमी भरेल. पेन्सिलीची रेघ याहून कितीतरी जाड असते. तेव्हा कंपासने सरळ वर्तुळ काढावे आणि सूर्य केंद्रापासून सव्वा मिलिमीटर सरकवावा.

अतिशयोक्तीला आमची हरकत नाही. या मापाने सूर्य ०.७ मिलिमीटरचे टिंब होईल आणि पृथ्वी दिसणारच नाही. पृथ्वी मोठी काढली की अक्षाचा कल दिसतो, आणि खरे कारण तोच कल आहे. कक्षा चपटी केल्याने मात्र खोटे कारण दिसते. (सूर्याच्या रंगीत ज्वाळांनी तर काहीच साधत नाही.)

आमच्या मते पहिले चित्र शाळेच्या मैदानाचे हवे. पुण्यात १ मीटर उंचीच्या काठीची सावली २२ डिसेंबरला मध्यान्ही सुमारे ९० सेंटिमीटर पडते, मेच्या मध्यास जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही चित्रे शेजारीशेजारी, त्याच काठीची आणि त्याच मापाने काढावीत. किरण तिरपे पडतात म्हणजे काय, हे मुले स्वतः मोजू शकतात. कक्षेची आकृती त्यानंतर. तिच्याखाली 'कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. तिरकस पाहिल्याने चपटी दिसते' एवढी एक ओळ पुरे. आम्हांला ती क्वचितच आढळली.