काठीचं पुढचं टोक: जुहूचा एक फोटो आणि माझी दोन पानं

हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. समुद्रकिनारा आहे. एक लहान मुलगा गांधीजींच्या काठीचं एक टोक धरून पुढे ओढत चाललाय आणि दुसरं टोक धरून गांधीजी त्याच्या मागे येताहेत. शाळेच्या वह्यांवर, २ ऑक्टोबरच्या शुभेच्छांमध्ये, एखाद्या कार्यालयाच्या जिन्यात, कुठे ना कुठे तो भेटतोच. मलाही तो इतका पाठ होता की प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात घेताना मी काही न तपासता खाली ओळ टाकली: ‘दांडी, १९३०’. आणि त्यावर दोन पानं लिहिली. एप्रिलचा प्रकाश, मिठागराची पांढरी जमीन, सत्याग्रहाच्या वाटेवर पुढची पिढी कशी म्हाताऱ्याला घेऊन जाते, वगैरे. खरं सांगते, पानं छान झाली होती.

मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा समासात पेन्सिलने दोनच शब्द होते: ‘मुलाचं वय?’

तो मुलगा म्हणजे कनू रामदास गांधी, गांधीजींचा नातू. पुढे ते अमेरिकेत गेले, नासामध्ये काम केलं, आणि ७ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरतेत वारले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. आता वजाबाकी करा. दांडीला गांधीजी ५ एप्रिल १९३० ला पोचले. त्या दिवशी कनूचं वय जेमतेम एक वर्ष, फार तर काही महिने इकडेतिकडे. फोटोतला मुलगा स्वतःच्या पायांवर आहे, नुसता चालत नाही तर मोठ्या माणसाला ओढतोय. सात-आठ वर्षांचा सहज असेल. पहिलीतल्या मुलाला जमेल अशी ही वजाबाकी, आणि मी दोन पानं लिहून बसले होते. गंमत म्हणजे ते गेले तेव्हा अनेक बातम्यांतही हाच घोळ होता: वय ८७ आणि फोटो दांडीचा, दोन्ही एकाच परिच्छेदात.

हा फोटो जुहूचा आहे, १९३७ च्या शेवटचा. पण ‘जुहू’ एवढंच कळून भागत नाही, कारण गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला एकदाच आलेले नाहीत. १९२४ मध्ये, ससूनमधल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर आणि येरवड्यातून सुटल्यावर ते इथे येऊन राहिले. १९३७ च्या डिसेंबरात प्रकृती बिघडली म्हणून आले. १९४४ च्या मे महिन्यात, आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा आले. तीनही वेळा किनारा तोच, चालणं तेच, काठी तीच. १९२४ ला कनू जन्मलेलाच नव्हता. १९४४ ला तो पंधराचा झाला असता, मिसरूड फुटायच्या वयाचा. उरतं १९३७. म्हणजे आपल्याला तारीख दिली ती मुलाच्या उंचीने. प्रकाश, रचना, रंग या ज्या गोष्टींवर मी दोन पानं लिहिली होती, त्यांनी काहीच दिलं नाही. (मुलाची ओळखच चुकीची निघाली तर हे सगळं कोसळेल, हेही मनात ठेवा.)

मग रचना, प्रकाश, रंग यांचा उपयोग काय? हाच प्रश्न घेऊन मी दोन महिने बसले.

आधी रचना. फोटोग्राफीच्या कार्यशाळेत आपल्याला चौकटीचे तीन भाग करायला शिकवतात, ‘नजरेला नेणाऱ्या रेषा’ शोधायला सांगतात. या फोटोवर ते सगळं लावता येतं. काठी ही रेषाच आहे, ती एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे नेते. पण एवढं म्हणून थांबलं तर आपण कुठल्याही दोरीबद्दल, कुठल्याही रस्त्याबद्दल तेच म्हणू शकतो. इथे महत्त्वाचं आहे ते काठीचं काम बदलणं. काठी टेकायची असते. ती जमिनीला लागलेली असते आणि म्हातारपण तिच्यावर तोललेलं असतं. इथे ती जमिनीवरून उचलली गेली आणि तिची दोरी झाली. आधार देणारी वस्तू ओढायची वस्तू झाली, आणि ओढणारा आहे घरातला सगळ्यात लहान माणूस. आजोबा-नातवंडाचा हा खेळ आपल्या प्रत्येकाच्या घरी झालेला आहे. माझे आजोबा छत्रीचं टोक द्यायचे.

दुसरी गोष्ट, चौकटीत काय नाही. मागे वाळू, पाणी, आभाळ. ओळखता येईल अशी इमारत नाही, पाटी नाही. म्हणून नजर भटकत नाही, सगळं लक्ष त्या दोघांच्या मधल्या रेषेवर राहतं. हेच या फोटोचं बळ. आणि माझं म्हणणं असं आहे की याच बळामुळे तो घसरत घसरत दांडीला गेला. जागा सांगणारं सगळं चौकटीबाहेर राहिलं, तेव्हा जागा सांगायचं काम खालच्या ओळीकडे गेलं, आणि खालची ओळ कुणीही लिहू शकतं. मागे एखादा बंगला किंवा ताडामाडांची रांग आली असती तर चित्र म्हणून थोडं विस्कटलं असतं, पण १९३० ची चूक इतकी वर्षं टिकली नसती. संशोधनासाठी फोटो वापरणाऱ्यांनी हे जरा कडू औषध घ्यावंच: जो फोटो चित्र म्हणून जितका स्वच्छ, तो पुरावा म्हणून तितका मुका असू शकतो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रतींच्या तर कडाही कापलेल्या आहेत. कुणीतरी तो आणखी स्वच्छ केलाय.

दांडीच का, याचंही उत्तर आहे. काठी घेऊन चालणारे गांधी म्हणजे दांडी, हे समीकरण आपल्या डोक्यात चित्रांनी बसवलंय. नंदलाल बोस यांचं १९३० मधलं लिनोकट, काळ्यावर पांढऱ्या रेघांतले चालणारे बापू. दिल्लीतलं देवीप्रसाद रॉयचौधरींचं ‘ग्यारह मूर्ती’ शिल्प. जुन्या पाचशेच्या नोटेच्या मागेही दांडीयात्राच होती. (ती नोट रद्द झाली ८ नोव्हेंबर २०१६ ला, कनूभाई गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. याचा काही अर्थ नाही, पण टिपण काढताना दोन तारखा शेजारी आल्या आणि मी थोडा वेळ बघत राहिले.) इतकी चित्रं डोळ्यांत असल्यावर काठी आणि समुद्र एकत्र दिसले की मेंदू उरलेलं भरून टाकतो. माझ्या मेंदूने मिठागरसुद्धा भरलं होतं.

आता प्रकाश. मॅडमच्या पेन्सिलीनंतर मला वाटलं, ऊन-सावली मोजून सिद्ध करू की हा डिसेंबर आहे. गणित सोपं आहे. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर चढतो. म्हणजे माणसाची सावली दिवसभरात कधीच त्याच्या उंचीच्या नऊ-दशांशाहून फारशी आखूड होत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दांडीला दुपारी सूर्य ७५ अंशांच्या आसपास असतो आणि सावली उंचीच्या पाव भागावर येते. म्हणून एखाद्या फोटोत पायाशी गोळा झालेली आखूड सावली दिसली, तर तो डिसेंबरचा असूच शकत नाही. पण उलटं चालत नाही. लांब सावली एप्रिलमध्येही सकाळ-संध्याकाळ पडतेच, आणि गांधीजी फिरायला निघायचे ते सकाळ-संध्याकाळच. म्हणजे ही कसोटी एका बाजूनेच बोलते, दुसऱ्या बाजूला गप्प बसते. माझ्या कामाला ती आली नाही. तरी ती प्रबंधात ठेवली आहे, कारण दुसऱ्या कुणाच्या फोटोला येईल.

दिशेचंही तसंच. जुहूचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. पाण्याच्या बाजूने उजेड येत असेल तर दुपार उलटलेली, जमिनीच्या बाजूने येत असेल तर सकाळ. इतकं छान साधन, पण दांडीलाही समुद्र पश्चिमेलाच! वेळ सांगेल, जागा सांगणार नाही.

तरीही मी डिसेंबरात अंधेरीहून रिक्षा करून जुहूला गेले, भाच्याला आणि एका बांबूच्या काठीला घेऊन. पाच वाजता त्याची सावली मोजली तर त्याच्या चारपटीहून लांब भरली. त्याला काठी ओढायला सांगितलं, तो दोन मिनिटांत कंटाळला आणि भेळेकडे बघायला लागला. पण त्या दोन मिनिटांत एक गोष्ट दिसली जी कुठल्या पुस्तकाने मला सांगितली नव्हती. ओहोटीला जुहूची सपाट ओली वाळू आरशासारखी वागते. आभाळाचा उजेड खालून परत वर येतो, हनुवटीखाली, भुवयांखाली, जिथे एरवी काळोख साचतो तिथे. चेहरा मऊ दिसतो. स्टुडिओत पांढरा पुठ्ठा धरून जे करतात ते इथे समुद्र फुकट करतो. किनाऱ्यावरच्या जुन्या फोटोंत माणसं इतकी शांत का दिसतात, याचं थोडं श्रेय या ओल्या वाळूला द्यायला हरकत नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘चेहऱ्यावरचं तेज’ असं काही लिहिण्याआधी पायाखाली काय आहे ते बघा.

इथे दुसऱ्या कनूबद्दल सांगायला हवं, कारण या दोघांची सरमिसळ मी परिसंवादातसुद्धा ऐकली आहे. कनू नारणदास गांधी (१९१७–१९८६) हे चुलत नात्यातले, आश्रमात वाढलेले आणि गांधीजींची कितीतरी छायाचित्रं काढलेले. १९३७ ला ते विशीतले होते, म्हणजे काठी ओढणारा मुलगा ते नव्हेत. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यांनी रोलायफ्लेक्स घेतला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. पहिली अट प्रकाशाची आहे आणि दुसरी रचनेची, हे लक्षात घेतलं की त्यांचे फोटो वेगळे दिसायला लागतात. अर्धा चेहरा अंधारात, हात हललेला, कुणाची तरी पाठ मध्ये. आपण ज्याला शैली म्हणतो ती कित्येकदा घातलेल्या अटींतून आलेली असते. २०१५ मध्ये ‘कनूज गांधी’ या पुस्तकात हे फोटो एकत्र आले. मिळालं तर जरूर बघा.

रंगाबद्दल मी जरा रागाने लिहिणार आहे. काठीच्या फोटोच्या रंगवलेल्या आवृत्त्या आता फोनवर फिरतात. मला आलेल्या एकीत समुद्र मालदीवसारखा निळा होता आणि धोतर साबणाच्या जाहिरातीतलं. जुहूचा समुद्र ज्याने एकदा पाहिलाय त्याला माहीत आहे की तो राखाडी-मातकट असतो. आणि हातसुताची खादी धुवट पिवळसर असते, तिला निळ नसते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नोंदली गेली ती फक्त करड्याची पायरी, आणि तीही फिल्मच्या स्वभावाप्रमाणे: जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा पडायचा. त्या करड्यातून मूळ रंग परत काढता येत नाही. जो घातला जातो तो अंदाज असतो, आणि अंदाज घालणाऱ्याने जुहू पाहिलेला नसतो.

पण माझी खरी तक्रार खोटेपणाची नाही, चित्र बिघडण्याची आहे. निळं पाणी आलं की नजर पाण्याकडे जाते आणि काठी नुसती एक काडी उरते. रंग हीसुद्धा रचनाच आहे, हे यातून कळतं. उलट टोकाला रघुबीर सिंग यांचं मुंबईवरचं १९९४ चं पुस्तक ठेवा. त्यांचं तर म्हणणंच होतं की भारताकडे रंगातूनच बघायला हवं. त्यांच्या झवेरी बाजारच्या काचांमधून रंग काढून टाकलात तर आत काय आणि बाहेर काय हेच कळेनासं होईल, फोटो कोसळेल. तिथे रंग खांबासारखा उभा आहे. इथे तो नंतर लावलेला चुना आहे. दोन्हींवर ‘रंगसंगती’ नावाचा एकच परिच्छेद लिहिणारे निबंध मी तपासले आहेत, आणि एके काळी लिहिलेही आहेत.

माझी दोन पानं गेली. त्यांच्या जागी अडीच पानं आली, पण त्यात मिठागर नाही. फोटोखाली आता ओळ आहे: ‘कनू रामदास गांधी आणि गांधीजी, जुहू, डिसेंबर १९३७ च्या सुमारास, कडा कापलेली प्रत.’ मॅडमनी ‘सुमारास’ खाली पुन्हा पेन्सिल ओढली आहे. त्यामुळे न कापलेली प्रत शोधणं चालू आहे. कडेला एखादा खांब, एखादी होडी, कुणाची तरी सावली मिळाली तरी चालेल.