प्रज्ञाशोध आणि गतिनिर्धारक शाळा : नवोदय विद्यालय योजनेची चिकित्सा

ग्रामीण भागातील प्रज्ञावान मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी विद्यालय असावे, ही कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वीकारली. तत्पूर्वीच, १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे दोन विद्यालये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती. या विद्यालयांवर धोरणाने दोन जबाबदाऱ्या सोपविल्या. हुशार मुलांना त्यांच्या गतीने पुढे जाऊ देणे ही पहिली. आणि परिसरातील शाळांसाठी गतिनिर्धारक ठरणे ही दुसरी. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. दुसरीचा विसर मात्र जवळजवळ सर्वांनाच पडलेला दिसतो.

योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि किमान एक-तृतीयांश जागा मुलींसाठी राखून ठेवणारी ही व्यवस्था अनेक शेतमजुरांच्या घरांपर्यंत पोहोचली. नववीत हिंदी व अहिंदी भाषक प्रदेशांतील विद्यालयांमध्ये होणारी ३० टक्के विद्यार्थ्यांची वर्षभराची अदलाबदल हा तर तिचा सर्वांत कल्पक, आणि बहुधा सर्वांत कमी अभ्यासला गेलेला भाग होय.

प्रश्न निर्माण होतो तो निवडीपाशी. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलाला दोन तासांत ८० प्रश्न सोडवावे लागतात. त्यांपैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे असतात. मानसिक क्षमतेचे प्रश्न संपूर्णपणे आकृत्यांवर आधारित आहेत. दुमडून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, आकृतीचे आरशातील प्रतिबिंब कोणते, गटात न बसणारी आकृती कोणती, असे त्यांचे स्वरूप असते. शब्द टाळल्यामुळे ही चाचणी शालेय संस्कारांपासून मुक्त राहील, अशी त्यामागील धारणा असावी. परंतु ठरावीक प्रकारचे आकृतिप्रश्न सरावाने सुटू लागतात, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकाला ठाऊक आहे. म्हणूनच नवोदय मार्गदर्शिकांची बाजारपेठ आणि शिकवणी वर्ग उभे राहिले. जिल्हा परिषद शाळांतील कष्टाळू शिक्षकही शाळा सुटल्यावर जादा तास घेतात. पण असा शिक्षक प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही. परीक्षा देण्याची संधी एकदाच मिळते. ज्या अमरावती जिल्ह्यात हा प्रयोग प्रथम झाला, त्याच जिल्ह्यातील मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला भाषेचे उतारे आणि गणिताची शाब्दिक उदाहरणे घराबाहेरच्या भाषेत वाचावी लागतात. तो मागे पडला तर त्यातून त्याच्या प्रज्ञेविषयी नेमके काय सिद्ध होते?

योजनेच्या समर्थनार्थ दहावी-बारावीच्या उत्तम निकालांकडे बोट दाखविले जाते. निकाल उत्तम आहेत, यात वाद नाही. मात्र निवड आधी आणि अध्यापन नंतर असल्याने या निकालांत अध्यापनाचा वाटा किती, हे त्यांवरून ठरविता येत नाही. शिवाय हे मोजमाप केवळ पहिल्या जबाबदारीचे आहे. परिसरातील शाळांचे अध्यापन नवोदयमुळे किती सुधारले, हे मंडळाच्या निकालपत्रकात उमटणे शक्यच नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्व स्तरांतील मुले एकत्र शिकतील अशा शेजारशाळेचा आग्रह धरला होता. त्या दृष्टीने पाहता गावच्या शाळेतून चुणचुणीत विद्यार्थी निघून जातो; त्याच्याबरोबर शाळेकडे लक्ष ठेवणारा जागरूक पालकही बहुधा दुरावतो. त्या मोबदल्यात शाळेला काय मिळावे, याचे उत्तर गतिनिर्धारक या शब्दात होते. आचार्य राममूर्ती समितीने १९९० मध्ये या योजनेकडे टीकात्मक दृष्टीने पाहिले. तथापि १९९२ च्या सुधारित धोरणातही ती कायम राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वेगळी वाट सुचविली आहे. शाळा, शाळासंकुल व जिल्हा या पातळ्यांवर विषयनिष्ठ मंडळे असावीत आणि प्रज्ञावान मुलांच्या अध्यापनाचे विशेषीकरण बी.एड. अभ्यासक्रमात यावे, असे ते म्हणते. मुलाला शाळेतून न उचलता शाळेतच वाढविण्याची ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र पाच इयत्ता सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत असे मंडळ कोणी व केव्हा चालवावे, हा प्रश्न उरतोच. जिल्ह्यातील नवोदय विद्यालयाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय व विषयशिक्षक या मंडळांशी जोडले गेल्यास १९८६ ची दुसरी जबाबदारी निदान एका शाळासंकुलापुरती तपासून पाहता येईल.