तुलना कशाशी? : आंत्रदाहातील कर्कपूर्व बदलांचा शोध

दीर्घकालीन आंत्रदाहात कर्करोगापूर्वी होणारा पेशीबदल, म्हणजेच डिस्प्लेझिया, पुष्कळदा सपाट अस्तरात दडून राहतो. तो निसटला तर कर्करोग मूळ धरतो. चुकीने मानला गेला तर रुग्णाला बृहदांत्र विनाकारण गमवावे लागू शकते. म्हणून शोधपद्धतींची तुलना हा केवळ यंत्रांचा वाद नव्हे.

दर दहा सेंटिमीटरवर चार नमुने घ्यावेत, ही जुनी रीत. लंडन येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० रुग्णांच्या अशा २९०४ नमुन्यांत एकही डिस्प्लेझिया आढळला नाही. त्याच रुग्णांत इंडिगो कार्मिन शिंपडून हेरलेल्या जागांनी मात्र तो उघड केला. त्यापूर्वी २००३ साली जर्मनीत १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मेथिलीन ब्लूने ३२, तर नेहमीच्या तपासणीने १० विकृती दाखविल्या. यावरून रंजकाचा विजय निश्चित झाला, असे मानले गेले.

परंतु हा विजय कोणावर? त्या काळच्या अल्पस्पष्ट प्रतिमेवर! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २७० रुग्णांच्या चाचणीत अतिस्पष्ट प्रतिमेचा साधा पांढरा प्रकाश रंजकापेक्षा उणा ठरला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत १३१ रुग्णांमध्ये रंजक आणि निळ्या-हिरव्या अरुंद पट्ट्यांचा प्रकाश यांत लक्षणीय भेद दिसला नाही. रंजकाला मात्र सरासरी सात मिनिटे अधिक लागली. म्हणून रंजक कालबाह्य झाले, असे म्हणणेही धाडसाचे होईल. २०२० सालच्या स्वीडनमधील ३०५ रुग्णांच्या चाचणीत अतिस्पष्ट प्रतिमेच्या जोडीला रंजक असता १७ रुग्णांत, तर नसता ७ रुग्णांत डिस्प्लेझिया आढळला.

स्वैर नमुन्यांनाही सरसकट निरोप देता येत नाही. फ्रान्समधील २०१८ च्या पाहणीत १००० रुग्णांपैकी १२ जणांतील विकृती केवळ त्यांनीच उघड केली. पूर्वी डिस्प्लेझिया झालेला, पित्तनलिकांचा काठिण्यदाह असलेला किंवा नळीसारखे आकुंचित बृहदांत्र असलेला रुग्ण त्यांतून वगळणे योग्य नव्हे.

या चाचण्यांनी मोजल्या त्या सापडलेल्या विकृती. टळलेले मृत्यू नव्हेत. तेव्हा कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न विचारण्यापूर्वी कोणाहून, कोणत्या रुग्णात आणि कशासाठी, हे अभ्यासकाने विचारले पाहिजे. स्वच्छ आतडे, शांत झालेला दाह आणि सावकाश पाहणारी नजर यांवाचून कोणताही प्रकाश अपुराच होय.