जिंकलेल्यांचं दुःख

व्हिएतनाम युद्धावरचं जे साहित्य आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतेक अमेरिकनांचं. जिंकलेल्यांनी काय लिहिलं, हे आपण फारसं विचारलंच नाही. खरा पेच तिथेच आहे. हरलेल्याला रडायची मुभा असते. जिंकलेल्या देशात मात्र रडणं म्हणजे विजयावर शंका घेणं. तिथे लेखक आणि सत्ता यांच्यात वाकडं आलं ते याच रडण्यावरून.

३० एप्रिल १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडली. पुढची दहा-बारा वर्षं उत्तरेत घडलेला साचाच चालू राहिला: शूर सैनिक, धीराची आई, ठरलेला विजय. सैन्याच्या साहित्यिक मासिकात काम केलेले कथाकार न्गुयेन मिन्ह चाउ यांनी १९८७मध्ये या लेखनाला ‘सचित्रीकरण’ म्हटलं. धोरण आधी ठरायचं, मग लेखकाने त्याचं चित्र काढायचं. अशा साहित्याच्या कालखंडाचा मृत्युलेख वाचून टाकू या, असं आवाहन त्यांनी केलं. हे कुणी बाहेरचा टीकाकार बोलत नव्हता. त्याच व्यवस्थेत वाढलेला लेखक बोलत होता.

१९८६च्या ‘दोई मोई’ सुधारणांनी दार किलकिलं झालं होतं. १९८७मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस न्गुयेन वान लिन्ह लेखकांना भेटले आणि बंधनं सैल करण्याची भाषा बोलले. त्याच वर्षी ‘व्हान न्घे’ या साप्ताहिकात न्गुयेन हुय थिएप यांची ‘निवृत्त जनरल’ ही कथा आली. आयुष्य सैन्यात घालवलेला जनरल घरी परततो. सून प्रसूती रुग्णालयात डॉक्टर. तिथले गर्भपातातले गर्भ थर्मासमध्ये भरून ती घरी आणते. ते शिजवून विक्रीसाठी पाळलेल्या कुत्र्यांना घातले जातात. जनरलला हे कळतं तेव्हा तो थर्मास कुत्र्यांवर फेकतो आणि रडतो. बस, एवढंच. थिएप कुठेही भाष्य करत नाहीत. पण ज्यासाठी लढलो ते हेच का, हा प्रश्न वाचकाच्या घशात अडकतो. माझ्या मते युद्धोत्तर व्हिएतनाममधलं सर्वांत धारदार राजकीय लेखन हेच. ही कथा छापणारे संपादक न्गुयेन न्गोक १९८८मध्ये पदावरून गेले.

कादंबरीकार बाओ निन्ह तर स्वतः लढलेले. १९६९मध्ये त्यांच्या ब्रिगेडमधून पाचशे तरुण निघाले, वाचले दहा. त्यांच्या कादंबरीचा नायक किएन युद्धानंतर जंगलातून सैनिकांचे अवशेष गोळा करतो. ट्रकमध्ये खाली अवशेष, वर बांधलेल्या झोळीत तो. विजयाचा दिवसही येतो, पण विमानतळावरच्या दारूत, लुटीत आणि एका बाईच्या प्रेताच्या विटंबनेत. कादंबरीला सरळ काळ नाही. आठवणी मागेपुढे येतात, विजय हा तिचा शेवट होत नाही. या रचनेतच तिचं राजकारण आहे. घोषणा देणाऱ्या दहा कादंबऱ्यांना ते जमलं नसतं. ‘युद्धाचं दुःख’ हे नाव बदलून ती आधी ‘प्रेमाची नियती’ म्हणून छापली गेली. १९९१मध्ये लेखक संघाने तिला पुरस्कार दिला, मग टीकेची झोड उठली आणि पुनर्मुद्रण बरीच वर्षं रखडलं. त्याच वर्षी कादंबरीकार झुओंग थू हुओंग यांना अटक झाली. त्या स्वतः युद्धकाळात आघाडीवर गेलेल्या, पक्षाच्या सदस्य राहिलेल्या. खटल्याविना सात महिने त्या तुरुंगात होत्या.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. या धाडसी साहित्यातही दुःख प्रामुख्याने उत्तरेचंच आहे. दक्षिणेच्या सैन्यातले मेलेले इथे बहुधा सावल्याच राहतात. १९७५नंतर दक्षिणेतली पुस्तकं जप्त झाली, लेखक ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत गेले. ह्युए शहरातल्या १९६८च्या कत्तलीवर लिहिणाऱ्या दक्षिणेतल्या लेखिका न्या का यांनी तुरुंगवास भोगला, पुढे देश सोडला. दक्षिणेचा शोक लिहिला गेला तो मुख्यतः परदेशात. निर्वासित म्हणून अमेरिकेत वाढलेल्या व्हिएत थान न्गुयेन यांच्या ‘द सिम्पथायझर’ला २०१६मध्ये पुलित्झर मिळालं, पण ती कादंबरी इंग्रजीत आहे. एकाच युद्धात मेलेले अजून दोन वेगळ्या कपाटांत आहेत, आणि या साहित्याची ही मोठी उणीव आहे.

झुओंग थू हुओंग २००६मध्ये पॅरिसला गेल्या. बाओ निन्ह हनोईतच राहिले. त्यांनी कथा लिहिल्या, पण दुसरी कादंबरी प्रसिद्ध केलेली नाही.