रामाला रडू देणारा भवभूती

आठव्या शतकातल्या भवभूतीने आपले गाव विदर्भातले पद्मपूर म्हणून सांगितले आहे. वा. वि. मिराशींनी ते आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या आमगावजवळचे पदमपूर ठरवले. म्हणजे हा नाटककार आपल्याच मुलखातला. तरी आमच्या उर्दू शाळांत त्याचे नावही कानावर पडत नाही. शेक्सपिअर मात्र पडतो!

‘उत्तररामचरित’ हे त्याचे सात अंकी नाटक. पहिल्या अंकात गरोदर सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपली आहे. सुखात आणि दुःखात जे एकच राहते, म्हातारपण ज्याची गोडी हिरावू शकत नाही, ते खरे प्रेम, असे राम तिच्याकडे पाहत म्हणतो. एवढ्यात दुर्मुख हा हेर लोकापवादाची बातमी आणतो, आणि तोच राम तिला वनात धाडायचे ठरवतो. तिला जागे करून विचारीतही नाही.

इथे आपल्या वाचकांना इफ्कची घटना आठवल्याशिवाय राहणार नाही. हजरत आयेशांवर बोभाटा झाला, तेव्हा सूरह नूरने चार साक्षीदार मागितले आणि ते न आणणाऱ्याला 80 फटके सांगितले. पण हे ऐकून मान ताठ करण्याचे कारण नाही. 1966 साली हमीद दलवाईंना सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर न्यावा लागला, तो आपल्याच घरांतल्या न विचारता दिलेल्या तलाकांमुळे.

नाटकाचा जीव तिसऱ्या अंकात आहे. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो, जुन्या जागा पाहून बेशुद्ध पडतो. सीता तिथेच आहे, पण अदृश्य. तिच्या स्पर्शाने तो सावध होतो. वासंती ही वनदेवता, सीतेची मैत्रीण, त्याला तोंडावर जाब विचारते. लोकांना सहन झाले नाही, यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नाही. मीर अनीसचे मरसिये वाचलेल्याला हे रडणे ओळखीचे वाटेल, पण फरक मोठा आहे. करबल्यात जुलूम करणारा वेगळा आणि रडणारा वेगळा. इथे दोघे एकच. सगळे रस मुळात करुणाचीच रूपे, पाणी जसे कधी भोवरा होते, कधी बुडबुडा, कधी लाट, असे भवभूती तमसा नदीच्या तोंडून सांगतो, ते ह्याच अंकात.

शंबूकाच्या प्रसंगात मात्र तो कचरतो. तप करणाऱ्या शूद्रावर तलवार उचलताना राम आपल्याच हाताला सुनावतो, की गरोदर सीतेला हाकलणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली दया? इतके कळूनही वार होतोच. वर शंबूक दिव्य रूपाने उठून रामाचे आभार मानतो! ही पळवाट मला पटत नाही.

वाल्मीकीची सीता शेवटी भूमीत जाते. भवभूती तिला परत आणतो. सातव्या अंकात अयोध्येच्या प्रजेलाच प्रेक्षक म्हणून बसवून सीतेचे दुःख तिला नाटकातून दाखवतो. ज्यांनी बदनामी केली, त्यांनाच पाहायला लावणे हा त्याचा मोठा घाव. मग राम मूर्च्छित पडतो, अरुंधती सीतेला त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणायची आज्ञा करते आणि तिला स्वीकारण्याविषयी प्रजेचे मत विचारते. सीतेला, तुला परत यायचे आहे का, असे तेव्हाही कुणी विचारीत नाही.